'बेड्या ठोकल्या' : मानवी हक्कांची परिभाषा आणि आपला फौजदारी कायदा

मराठी वृत्तपत्रांतील अटकेच्या बातम्यांचे मथळे चाळले तर एक गोष्ट ध्यानात येते. 'अटक केली' या साध्या क्रियापदावर मथळा लिहिणाऱ्याचे समाधान होत नाही. चोरट्याला 'बेड्या ठोकल्या' जातात, टोळीच्या 'मुसक्या आवळल्या' जातात, फरारी आरोपी 'गजाआड' होतो. यांपैकी 'बेड्या ठोकणे' हा वाक्प्रचार विशेष जुना. बेडी मुळात पायातली, आणि ती पूर्वी खरोखरच ठोकून पक्की करावी लागे. हातात पडते ती हातकडी. पायांतील बेड्या लोखंडी दांड्यांनी जखडल्या की ती दंडाबेडी. बोलण्यात हे भेद पुसट झाले आणि 'बेड्या' हा शब्द अटकेचाच पर्याय होऊन बसला. वास्तविक, अटक केलेल्या माणसाला सरसकट हातकडी घालणे घटनाविरोधी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितले होते. कायद्याने ज्याला अपवाद ठरवले, त्याला आपल्या भाषेने आजवर नियमच मानले आहे.

या अंतराचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्माला आलेला मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय कायदा आपल्या पोलीस ठाण्यापर्यंत, कोठडीपर्यंत आणि तुरुंगापर्यंत कसा पोचला, आणि पोचला तो कितपत टिकाऊपणे? आमचे प्रतिपादन असे की, हे हक्क आपल्याकडे मुख्यतः राज्यघटनेतील एका वाक्याच्या अर्थनिर्णयनातून आले. संसदेने त्यांना स्वतःचे शब्द क्वचितच दिले. म्हणून हा विषय केवळ वकिलांचा नाही. एकच वाक्य तीस-चाळीस वर्षांत वेगवेगळ्या वाचकांनी कसे वाचले, याचा हा इतिहास आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही.

डिसेंबर १९४८ मधील दोन सभागृहांपासून आरंभ करू. १० डिसेंबरला पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. ठरावाच्या बाजूने ४८ मते पडली, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ राहिले. या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात इंग्रजीतील 'मेन' या शब्दाच्या जागी 'ह्यूमन बीइंग्ज' असा शब्द आला, तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. पाचवे कलम छळाला आणि क्रूर, अमानुष वा मानहानिकारक वागणुकीला मनाई करते. नववे मनमानी अटकेला. अकरावे दोष सिद्ध होईपर्यंत माणसाला निर्दोष मानावयास सांगते. फौजदारी न्यायाच्या दृष्टीने जाहीरनाम्याचा गाभा या तीन कलमांत आहे.

त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ डिसेंबरला, दिल्लीत आपल्या घटनासमितीपुढे आज अनुच्छेद २१ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाक्याची चर्चा चालू होती. कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही, असा त्याचा आशय. आधीच्या मसुद्यात अमेरिकन घटनेतील 'ड्यू प्रोसेस' ही संज्ञा होती. घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. त्या संज्ञेमुळे न्यायाधीशांच्या हाती अवाजवी सत्ता जाते, हे फ्रँकफर्टर यांचे मत त्यांना पटले आणि मसुद्यातून ती संज्ञा गळाली. अनेक सभासदांनी ती परत आणावी असा आग्रह धरला. डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडल्या. पक्षबळावर चालणारे विधिमंडळ मूलभूत हक्कांवर घाला घालू शकते आणि मूठभर न्यायाधीशही आपल्या पूर्वग्रहांप्रमाणे कायदा रद्द ठरवू शकतात. या दोन संकटांतून वाट काढणे कठीण आहे, असे सांगून त्यांनी निर्णय सभागृहावर सोडला. 'ड्यू प्रोसेस' परत आली नाही. मात्र ही उणीव आंबेडकरांच्या मनात राहिली असली पाहिजे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी एक नवे कलम मांडले. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे या हमी त्यात होत्या. आधी जे झाले त्याची ही भरपाई आहे, असे त्यांनीच म्हटले. तोच आजचा अनुच्छेद २२. त्याच्याच पोटात प्रतिबंधक स्थानबद्धतेची मुभाही बसली, हेही विसरता येत नाही.

येथे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कार्यपद्धतीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे परदेशी करारावर सही झाली म्हणून तो देशातला कायदा होत नाही. अनुच्छेद ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर बाळगावयास सांगतो, परंतु ते निदेशक तत्त्व आहे, न्यायालयात बजावून घेता येण्याजोगा हक्क नव्हे. करार अमलात आणायचा तर अनुच्छेद २५३ अन्वये संसदेने कायदा करावयाचा. वैश्विक जाहीरनामा तर करारही नव्हता. त्यामुळे १९५० साली ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने अनुच्छेद २१ चे वाक्य अक्षरशः वाचले तेव्हा त्याला अडवणारे काही नव्हते. विधिमंडळाने कायदा केला आहे ना? त्यात कार्यपद्धती दिली आहे ना? ती पाळली गेली आहे ना? झाले तर. ती कार्यपद्धती न्याय्य आहे का, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा.

दैनंदिन व्यवहार वसाहतकालीन संहितांनी चालत राहिला. त्या संहितांनाही पोलिसी छळाची जाणीव नव्हती असे नाही. मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८५५ साली आपला अहवाल दिला होता. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात घेण्यास मनाई केली, ती पोलिसांवरच्या अविश्वासातूनच. परंतु त्याच कायद्याच्या कलम २७ ने एक फट ठेवली : कबुलीतून वस्तू हाती लागली, तर कबुलीचा तेवढा भाग ग्राह्य. त्यामुळे कोठडीतील माणसाकडून काहीतरी 'काढून घेणे' पोलिसांना फायद्याचे राहिले.

या अक्षरार्थाला पहिला महत्त्वाचा छेद गेला तो एका पराभूत निकालपत्रात. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाचे दार ठोठावता येते की नाही, हा प्रश्न १९७६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अनेक उच्च न्यायालयांनी येते असे म्हटले होते. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी ते दार बंद केले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले. त्यांच्या युक्तिवादातील एक धागा आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. देशाचा कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांत उघड विरोध असेल तर न्यायालय देशाचाच कायदा मानील. पण देशाच्या कायद्याचे दोन अर्थ संभवत असतील, तर आंतरराष्ट्रीय दायित्वाशी जुळणारा अर्थ घ्यावा, असे त्यांनी लिहिले. वैश्विक जाहीरनाम्याची आठवी व नववी कलमे त्यांच्यासमोर होती. हा नियम आज्ञेचा नाही, वाचनाचा आहे. जाहीरनामा येथे कायदा म्हणून येत नाही. संदिग्ध वाक्यावर प्रकाश टाकणारा संदर्भ म्हणून येतो. खन्ना यांचे मत त्या दिवशी हरले. २०१७ साली खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चे बहुमत स्पष्ट शब्दांत मोडीत काढले.

आणीबाणी उठल्यावर चित्र झपाट्याने पालटले. २५ जानेवारी १९७८ च्या मनेका गांधी निकालाने अनुच्छेद २१ मधील कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे असे ठरवले. १९४८ साली समोरच्या दाराने नाकारलेली 'ड्यू प्रोसेस' तीस वर्षांनी अर्थाच्या दाराने आत आली. पाठोपाठ तुरुंगातले खटले आले. सुनील बत्रा प्रकरणी (१९७८) फाशीची शिक्षा अंतिम होण्याआधीच कैद्याला एकांतात कोंडण्यास न्यायालयाने आळा घातला, आणि त्याच निकालात चार्ल्स शोभराजच्या दंडाबेड्यांचाही विचार झाला. त्याच सुमारास, १० एप्रिल १९७९ रोजी, भारत नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. या कराराचे दहावे कलम बंदिवानांना माणुसकीने व त्यांच्या प्रतिष्ठेचा आदर राखून वागवावे असे सांगते.

या काळातील खटले न्यायालयापर्यंत कसे पोचले, तेही पाहण्यासारखे आहे. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयी १९७९ च्या जानेवारीत 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लेख आले. लेखक होते राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी, नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी. त्या लेखांच्या आधारे वकील कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली. तीच हुसैनआरा खातून मालिका. ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ माणसे खटल्याविना आत होती. जलद खटला आणि गरिबाला विनामूल्य वकील हे दोन्ही अनुच्छेद २१ चेच भाग आहेत, असे न्यायालयाने म्हटले. त्या वाक्यात 'जलद' हा शब्द कोठेही नाही. वाचणाऱ्यांनी तो आशयातून काढला.

हातकडीचा निकालही असाच एका तारेने सुरू झाला. तिहारमधील प्रेमशंकर शुक्ला या कच्च्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना तार केली : न्यायालयात नेताना मला हातकडी घालतात. तेव्हा लागू असलेल्या पंजाब पोलीस नियमांत कैद्यांचे दोन वर्ग होते. शिक्षण, सामाजिक स्थान आणि राहणीमान यांमुळे 'वरच्या वर्गा'त मोडणाऱ्याला सहसा हातकडी नाही. सामान्याला मात्र गंभीर आरोप असला की ती आलीच. २९ एप्रिल १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपले निकालपत्र वैश्विक जाहीरनाम्याचे पाचवे कलम व आंतरराष्ट्रीय कराराचे दहावे कलम समोर ठेवून लिहिले. त्यातून दोन गोष्टी ठरल्या. एक, गरीब आणि प्रतिष्ठित असा भेद घटनेला मान्य नाही. श्रीमंत कैदी पळून जात नाही आणि गरीब जातो, असे मानण्यास काही आधार नाही. दुसरी अधिक महत्त्वाची : आरोप किती गंभीर आहे यावरून हातकडी ठरणार नाही, हा माणूस पळून जाण्याचा स्पष्ट व नजीकचा धोका आहे का, एवढाच निकष. शिवाय पोलिसाने कारणे लेखी नोंदवावीत आणि न्यायाधीशाची संमती घ्यावी. १९९५ साली, आसाममध्ये रुग्णालयातील खाटांना जखडलेल्या बंदींविषयी कुलदीप नायर यांनी लिहिलेल्या पत्रावरून, न्यायालयाने हेच अधिक कडक शब्दांत पुन्हा बजावले. एकच गोष्ट पंधरा वर्षांनी पुन्हा सांगावी लागली, यातच पुष्कळ काही आले.

मुंबईचा या इतिहासातील वाटाही मोठा आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांचे पत्र हीच याचिका मानण्यात आली. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, तेथे स्त्री शिपायांचा पहारा, स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी, अटकेची खबर नातेवाइकाला व विधि साहाय्य समितीला, असे आदेश दिले. आणखी एक आदेश साधा पण दूरगामी होता : दंडाधिकाऱ्याने समोर आणलेल्या माणसाला विचारावे, 'तुला कोठडीत काही त्रास झाला का?'

यानंतरचा टप्पा भरपाईचा. १९७९ साली करारात सामील होताना भारताने एक निवेदन जोडले होते. बेकायदा अटक झालेल्याला नुकसानभरपाईचा हक्क देणारे कराराचे कलम ९(५) आपल्या विधिव्यवस्थेत बसत नाही, असा त्याचा आशय. चारच वर्षांनी रुदुल साह यांचे प्रकरण आले. १९६८ साली निर्दोष सुटूनही हा माणूस १९८२ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक काळ, बिहारच्या तुरुंगात होता. न्यायालयाने त्याला एकूण ३५,००० रुपये अंतरिम भरपाई देवविली. १९९३ साली ओरिसातील नीलाबती बेहेरा या आईच्या पत्रावरून निकाल लागला : पोलिसांनी नेलेल्या मुलाचा मृतदेह दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर सापडला. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी दीड लाख रुपयांची भरपाई मंजूर करताना, सरकारने ज्याच्याविषयी हात आखडता घेतला होता त्याच कलम ९(५) चा आधार घेतला. १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात तर, ते निवेदन आता निरर्थक झाले आहे, असेच न्यायालयाने म्हटले. याच निकालाने अटकेसाठी अकरा नियम घालून दिले : पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या व अटक झालेल्याच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. सरकारने परदेशी मंचावर जे नाकारले, ते न्यायालयाने देशात मान्य केले.

संसदेने काय केले? काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय आयोग स्थापला. आयोगाने कोठडीतील प्रत्येक मृत्यूची खबर २४ तासांत मागितली. २००५ च्या दुरुस्तीने अशा मृत्यूंची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी बंधनकारक केली आणि कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या बहुतेक कच्च्या कैद्यांना जामिनाचा हक्क दिला. बसू निकालातील बरेचसे नियम २०१० च्या नोव्हेंबरपासून संहितेत आले. २०२३ च्या नव्या संहितेने यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी निम्म्याऐवजी एकतृतीयांश कालावधी केला. हुसैनआरा खातूनची ही दूरची फळे आहेत, आणि ती कायद्याच्या शब्दांत आल्यामुळे आज कोणताही वकील कलमाचा आकडा सांगून मागू शकतो.

परंतु एक शब्द संसदेने आजपर्यंत उच्चारलेला नाही : छळ. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. त्याला अनुसमर्थन अद्याप दिलेले नाही. २०१० साली लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केले, राज्यसभेच्या निवड समितीने ते सुधारले, आणि पुढे लोकसभेची मुदत संपताच ते बारगळले. २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालात पुन्हा शिफारस केली. २०१९ साली, असा कायदा करण्याचा आदेश आम्ही संसदेला देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. कबुलीसाठी दुखापत करणे १८६० पासून गुन्हा आहे आणि नव्या न्याय संहितेतही आहे. पण 'दुखापत' या शब्दात न झोपू देणे बसत नाही, धमकी बसत नाही, नग्न करून उभे करणे बसत नाही. कोठडीत जखमा झाल्या तर त्या पोलिसांनीच केल्या असे गृहीत धरता यावे, ही विधी आयोगाची १९८५ ची शिफारसही तशीच पडून आहे. भिंतींच्या आत साक्षीदार कोण असणार?

या शब्दाच्या अभावाची किंमत सरकारलाही मोजावी लागली आहे. पुरुलियात विमानातून शस्त्रे टाकल्याच्या प्रकरणातील डॅनिश आरोपीचे प्रत्यार्पण डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ साली नाकारले, ते भारतात छळ होण्याचा धोका आहे या कारणाने. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पण खटल्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बारा क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण लंडनच्या न्यायालयाने मागवले; आत नैसर्गिक उजेड किती येतो, याची शहानिशा झाली. निकाल लागला १० डिसेंबर २०१८ रोजी, जाहीरनाम्याच्या सत्तराव्या वर्धापनदिनी. एका श्रीमंत आरोपीच्या बराकीतील उजेडाची तपासणी मानवी हक्कांच्या कायद्याने साता समुद्रापलीकडून करावी, आणि त्याच तुरुंगातील क्षमतेबाहेर भरलेल्या इतर बराकींना ती नजर लाभू नये, यात प्रेमशंकर शुक्ला प्रकरणातल्या 'वरच्या वर्गा'चीच आठवण होते.

आणि आता हातकडीकडे परत येणे भाग आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) ने अटकेच्या वेळी किंवा न्यायालयात नेताना हातकडी वापरण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. निकष कोणता? गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य. सराईत गुन्हेगार आणि कोठडीतून पळालेला आरोपी यांच्या जोडीला दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, अमली पदार्थ, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी, राज्याविरुद्धचे गुन्हे अशी यादीच तेथे आहे. पळून जाण्याचा धोका हा १९८० चा निकष. आरोपाचे स्वरूप हा २०२३ चा. पहिल्या निकालाने जो आधार नेमका नाकारला होता, तोच दुसऱ्या कलमाने पायाभूत मानला. ऑगस्ट २०२३ च्या मूळ विधेयकात आर्थिक गुन्हेही या यादीत होते. संसदीय समितीच्या शिफारशीनंतर ते वगळले गेले. समितीची कारणे काहीही असोत, परिणाम असा की बँक बुडवणाऱ्याला या यादीतून सूट मिळाली.

मानवी हक्कांच्या या वाटेवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी परदेशी दस्तऐवज आणून कायदा का घडवावा, हा एक. आंबेडकरांनी १९४८ सालीच तो बोलून दाखवला होता. पीडितांच्या हक्कांचे काय, हा दुसरा, आणि तो सामान्य माणसाच्या मनातला आहे. त्याचे उत्तर तत्त्वापेक्षा उदाहरणात शोधावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील अजमल कसाब याच्याइतका अप्रिय आरोपी या शहराने पाहिला नसेल. त्यालाही वकील मिळाला, उलटतपासणी झाली, अपील झाले. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात त्याची फाशी कायम करतानाच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, आरोपीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच वकिलाच्या हक्काची पूर्ण जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. शिक्षा टळली नाही, आणि तिच्या न्याय्यतेविषयी मृतांच्या नातलगांना कोणाकडे मान खाली घालावी लागली नाही. पीडिताच्या हक्काला आरोपीच्या हक्काने बाध येतोच असे नाही, हे त्या खटल्याने दाखवले.

खरी अडचण निराळी आहे. निकालपत्रातला अर्थ कितीही उदात्त असला तरी तो ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. कृष्ण अय्यर यांचे अलंकारिक इंग्रजी विधिमहाविद्यालयांत वाचले जाते. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात अटक झालेला शेतमजूर ते कधी वाचणार? म्हणून अर्थाच्या वाटेने आलेला हक्क विधानाच्या वाटेने काढून घेता येतो, आणि फारसा गलबला होत नाही. ४३(३) च्या बाबतीत तेच झाले. अर्थात कलमात हातकडी 'घालील' असे नसून 'वापरता येईल' अशा अर्थाचा शब्द आहे. दोन अर्थ जेथे संभवतात तेथे खन्ना यांचा वाचनाचा नियम अजून लागू पडतो. अनुच्छेद २१ जागेवर आहे आणि १९८० चा निकालही रद्द झालेला नाही.

मराठीच्या अध्यापकाला या प्रकरणात आणखी एक काम आहे, असे आम्हांला वाटते. १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत लिहून देणे पुरेसे नाही, तोंडी भाषांतरही पुरेसे नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले होते. नागरी व राजकीय हक्कांच्या करारातही आरोप समजेल अशा भाषेत सांगण्याची अट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतीलच एका प्रकरणात, न्यायालयाने हा नियम सर्व गुन्ह्यांच्या अटकेला लावला : कारणे लेखी द्यावीत आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत द्यावीत. महाराष्ट्रात ती भाषा बहुतेक वेळा मराठी असणार. कधी गोंडी, भिली वा कोरकू बोलणाऱ्याची दुसरी भाषा म्हणून मराठी. आज अटकेच्या कागदांतील मराठी 'सदर इसम', 'नमूद आरोपी', 'कामी', 'मजकुरी' अशा शब्दांनी भरलेली असते. ती ज्याच्या हाती पडते त्याला कळते का? दोन ओळींत, साध्या मराठीत, 'तुम्हांला या कारणासाठी अटक केली आहे, वकील मागण्याचा तुम्हांला हक्क आहे' असे लिहिणे कोणालाही जमेल. तसा नमुना तयार करण्याचे काम भाषेच्या एखाद्या विभागाने अंगावर घेतले, तर पॅरिसमध्ये लिहिलेले ते नववे कलम पोलीस ठाण्यातल्या त्या माणसाच्या हातात निदान वाचता येईल अशा रूपात पडेल.